कापले तरी परत येणारे बांडगूळ: कुठे बघायचे, कुठे कापायचे, कुठे थांबायचे

गोव्यातल्या डिचोली-सत्तरी भागात लोकांच्या भाटांतून (बागायतींतून) आणि परसांतून आंबा-काजूवरचे बांडगूळ काढायला मी गेली बारा-तेरा वर्षे जातो. शिक्षणाने मी शेतीतला नाही. घरच्या मानकुराद आंब्यावर लागोपाठ तीन वर्षे सपशेल हरलो आणि त्यातून जे कळले तेवढेच माझे भांडवल. बोलावणाऱ्याचे वाक्य ठरलेले असते: "गेल्याच वर्षी साफ केले होते हो, परत आले." बहुतेक ठिकाणी ते परत आलेले नसते, कारण ते मुळात गेलेलेच नसते. झुडूप कापले जाते आणि मुळी फांदीत राहते. हे एकदा डोक्यात बसले की पुढची सगळी तपासणी सोपी होते.

लक्षणे

मान वर करण्याआधी जमीन बघा. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत झाडाखाली नळीसारखी, किंचित बाकदार, नारिंगी-तांबडी फुले पडलेली दिसली तर वर बांडगूळ आहे. आंब्याला असले फूल येत नाही, काजूलाही नाही. दाट पालवीच्या जुन्या आंब्यात झुपका लपून राहतो, पण फुले चुगली करतात.

मग वर बघा. पालवीत एखादा झुपका वेगळा दिसतो: पाने जाड, चामड्यासारखी, थोडी राखट हिरवी. एप्रिलमध्ये दुपारी आंब्याची बाकीची पाने मलूल असतात आणि हा झुपका मात्र टवटवीत असतो. बांडगुळाला स्वतःची हिरवी पाने असतात, अन्न ते स्वतः बनवते. पाणी आणि क्षार मात्र झाडाच्या फांदीतून ओढते. झाड उन्हात पाणी जपायला पानांची तोंडे मिटते, बांडगूळ मिटत नाही. दुसऱ्याच्या नळाचे पाणी, मग कशाला मिटेल!

तिसरे लक्षण गाठ. झुपका जिथे बसला आहे तिथे फांदी सुजल्यासारखी जाड आणि खडबडीत होते. गाठीच्या अलीकडे, म्हणजे खोडाच्या बाजूला, फांदी मनगटाएवढी आणि पलीकडे करंगळीएवढी, असेही पाहिले आहे. पलीकडच्या भागाला मोहोर येत नाही, पाने बारीक राहतात आणि शेवटी टोकाकडून वाळत येते. काजूत हे लवकर लक्षात येते, झाड ठेंगणे असल्यामुळे.

भाजीच्या वाफ्यावर पिवळ्या शेवया पसरल्यासारख्या दिसत असतील, तर ते बांडगूळ नव्हे, अमरवेल. उसाचे किंवा नाचणीचे रोप ओलीतही दुपारी मान टाकत असेल आणि बुडाशी छोटी फुलझाडे उगवली असतील, तर टारफुला. दोन्हींबद्दल खाली लिहितो. त्यांची तपासणी वेगळी आहे.

पहिली तपासणी: ते खरेच बांडगूळ आहे ना?

खर्च शून्य, आणि तरी ही सर्वांत जास्त चुकते. आपल्या पावसाळ्यात झाडाच्या अंगावर काय नाही उगवत! बाशिंगाचे नेचे, शेवाळ, दगडफूल, सीतेची वेणी (ऑर्किड). ही सगळी झाडावर फक्त बसलेली असतात, झाडातून काही पीत नाहीत. मये गावाजवळ एका काकांनी निवृत्तीनंतर बाग साफ करायची म्हणून फणसावरच्या सीतेच्या वेणीचे सगळे गड्डे ओरबाडून काढले होते. शेजारच्या काजूवर खरे बांडगूळ तसेच हिरवेगार बसलेले. काका म्हणाले, "ते मला काजूचेच वाटले."

ओळखायची खूण अशी. नुसते बसलेले झाड हाताने सोलले तर मुळांसकट सालीवरून सुटते आणि खाली साल शाबूत असते. बांडगूळ सुटत नाही, मोडते. त्याच्या बुडाशी दोन लाकडे एकमेकांत मुरलेली असतात, मध्ये फट नसते. झाड उंच असेल तर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून गाठ आहे का ते बघा. गाठ नाही तर घाई करू नका. पाने शिवून केलेले हुमल्यांचे (चावऱ्या तांबड्या मुंग्यांचे) घरटेही लांबून झुपक्यासारखे दिसते. ते कोयत्याने तोडायला जाल तर गाठ आहे की नाही हे शोधायला वेळ मिळणार नाही.

माडावर आणि पोफळीवर मी आजवर बांडगूळ पाहिलेले नाही. कुळागरात शोधायचे तर चिकू, पेरू, आंबा, फणस आणि बांधावरचा साग आधी बघा.

दुसरी तपासणी: जुना घाव

मी कुठेही गेलो की कोयता काढण्याआधी मागच्या वर्षीचा घाव दाखवायला सांगतो. फुकटची तपासणी, पण दुखण्याचे निदान इथेच होते.

नवे धुमारे जुन्या गाठीतूनच, गाठीच्या भोवतीनेच आलेले असतील, तर मागच्या वेळी झुडूप कापले गेले आणि मुळी राहिली. जुन्या घावावर काही नाही, पण हातभर-दोन हात अलीकडे खोडाच्या बाजूला नवा झुपका आहे, तर मुळी सालीवरून सरकत गेली होती आणि ती कुणी बघितली नाही. आणि जुना घाव स्वच्छ भरलेला असून दुसऱ्याच एखाद्या बारीक फांदीवर एकुलते कोवळे रोप आहे, तर काम चोख झाले होते; हे बी पक्ष्याने नव्याने आणले आहे. तीन कारणे, तीन उपाय. हे न बघता पुन्हा कापणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा कापणे.

माझ्या घरच्या मानकुरादावर पहिला प्रकार होता. दर वर्षी मी कोयत्याने झुपका गाठीच्या सपाटीला छाटायचो आणि समाधानाने खाली उतरायचो. चौथ्या वर्षी फांदीच कापली, गाठ घरी आणली आणि पडवीच्या पायरीवर करवतीने उभी चिरली. आत आंब्याचे लाकूड पिवळसर, आणि त्यात पाचरी ठोकाव्यात तशा बांडगुळाच्या फिकट पट्ट्या शिरलेल्या, काही गाठीच्याही पुढे गेलेल्या. वरून कितीही तासले असते तरी त्या पट्ट्यांना धक्का लागला नसता. तो तुकडा मी अजून ठेवला आहे. समजावून सांगण्यापेक्षा तो दाखवला की लोक फांदी कापायला लवकर तयार होतात.

सालीवरून सरकणारी मुळीही त्याच झाडावर भेटली. बोटाएवढी जाड, सालीच्याच रंगाची, फांदीला चिकटून जाते आणि मध्येच पुन्हा आत शिरते. डोळ्याला पटकन दिसत नाही. नख लावून बघा: आंब्याची साल कोरडी, भेगाळलेली लागते, ही गुळगुळीत आणि खरवडली की लगेच हिरवी. तिच्या शेवटापर्यंत गेल्याशिवाय कुठे कापायचे ते ठरवू नका.

तिसरी तपासणी: मोजणी

चुना किंवा गेरू, एक काठी, अर्धा तास. झुपके किती, कितव्या फांदीवर, फांदी किती जाड, हे कागदावर उतरवा आणि हाताला येतील त्या फांद्यांवर खूण करा. याने दोन गोष्टी ठरतात. एक, एका हंगामात किती कापायचे. झाडाचा पाव भाग एकदम उतरवायला मी तयार नसतो. झुपके जास्त असतील तर काम दोन वर्षांत वाटतो आणि पहिल्या वर्षी फळावर येणारे मोठे झुपके घेतो. दोन, हे काम तुमचे आहे की दुसऱ्याचे.

खूण करताना खालच्या बारीक फांद्यांवर चिकट मणी दिसतात का तेही बघा. बांडगुळाचे पिकले फळ फुलटोच्या खातो. अंगठ्याएवढा पक्षी, दिसण्याआधी त्याची टिकटिक ऐकू येते. बी त्याच्या पोटातून चिकट धाग्यासकट बाहेर पडते आणि तो ते फांदीला पुसून टाकतो. म्हणून बिया ओळीने लागलेल्या सापडतात. कोंब यायला मातीही लागत नाही, पाणीही लागत नाही. आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर कोंब आलेले मी पाहिले आहेत. तारेवर ते मरतात, फांदीवर मात्र आत शिरतात. तेव्हा असे मणी दिसले की ओल्या फडक्याने किंवा काठीने पुसून काढा. एवढा स्वस्त उपाय पुढे मिळणार नाही.

आता कापणे

पेन्सिलीएवढ्या फांदीवरचे कोवळे रोप असेल तर फांदीचा तो तुकडा कात्रीने काढून टाका, विषय संपला. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत करवत. कोयता नको. कोयत्याने घाव फाटतो, साल खालपर्यंत सोलत जाते आणि त्या चिरेत पाणी मुरते. काजूवर तर नकोच: खोड आणि मूळ पोखरणाऱ्या किडीला असली जखम म्हणजे आमंत्रण.

गाठीपासून किंवा सालीवरच्या मुळीच्या शेवटच्या टोकापासून खोडाच्या दिशेने एक ते दीड फूट सोडून कापा. वर सांगितलेल्या पाचरी गाठीबाहेर गेलेल्या असतात, म्हणून हे अंतर. एवढ्या अंतरात दुसरी फांदी फुटत असेल तर त्या बेचक्यापर्यंत जा. मध्येच ठेवलेले खुंट वाळतात आणि कुजतात. जड फांदी तीन घावांत उतरवा. आधी खालून थोडा घाव, मग त्याच्या जरा पुढे वरून पूर्ण काप म्हणजे वजन सुटते, आणि शेवटी उरलेले खुंट नीट. खालचा घाव विसरलात तर फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. कापल्यावर कापलेल्या तोंडाकडे बघा. लाकूड एकसारख्या रंगाचे हवे. त्यात फिकट ठिपके किंवा पट्ट्या दिसल्या तर अजून अर्धा फूट मागे या.

जखमेला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण. घरच्यासाठी १०० ग्रॅम, १०० ग्रॅम आणि १ लिटर पुरते. मोरचूद अर्ध्या पाण्यात वेगळे विरघळवा, चुना अर्ध्या पाण्यात वेगळा, मग दोन्ही एकत्र ढवळा. बादली प्लास्टिकची घ्या, लोखंडी किंवा पत्र्याची नको. झालेल्या पेस्टमध्ये घासून लखलखीत केलेला लोखंडी चाकू थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त झाले आहे, चुन्याची निवळी वाढवा. शिळी पेस्ट वापरू नका.

वेळ महत्त्वाची. पाऊस सरला की ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा माझा हंगाम: जखम कोरडी राहते आणि बांडगुळाला फळ धरायच्या आत ते खाली येते. "त्या फांदीचा आंब्याचा मोहोर जाईल ना?" असे विचारतात. त्या फांदीला मोहोर येतच नव्हता. एकदा एका भाटकाराच्या आग्रहावरून मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काजू कापला. पेस्ट दुसऱ्या दिवशी धुऊन गेली आणि ऑगस्टपर्यंत त्या खुंटाभोवती गुलाबी बुरशीचा पापुद्रा चढला. बांडगूळ गेले, फांदीही गेली. तेव्हापासून पावसात करवत घरात.

खाली पडलेले बांडगूळ जमिनीवर मुळे धरत नाही, जिवंत फांदी नसेल तर ते संपले. पण त्यावर पिकली फळे असतील तर पक्षी ढिगावर येतातच, म्हणून ढीग मातीखाली दाबा. पाला शेळ्यांना चालतो, लोक घालतात. एक अपवाद कायम लक्षात ठेवा: काजऱ्यावरचे (कुचल्यावरचे) बांडगूळ कुणाच्याच तोंडी जाता कामा नये, गुराच्याही नाही आणि 'झाडपाल्याचे औषध' म्हणून माणसाच्याही नाही. काजऱ्याचे विष त्यात उतरते. पाला कोणत्या झाडावरून आला हे माहीत नसेल तर खड्ड्यात घाला.

खोडावरच बसले असेल तर

इथे कापायला फांदी नाही. झुडूप सालीच्या सपाटीला काढा आणि त्यावर जाड काळे प्लास्टिक घट्ट गुंडाळा. उजेड नाही तर पाने नाहीत, पाने नाहीत तर अन्न नाही. वर्ष-दोन वर्षांत मुळीचा जोर ओसरतो. आपल्याकडे पावसात प्लास्टिकखाली पाणी साचून साल कुजते, म्हणून मी मे महिन्यात सोडतो आणि दसऱ्यानंतर पुन्हा बांधतो. मधल्या काळात आलेला धुमारा दर पंधरवड्याला नखाने खुडायचा. कंटाळवाणे आहे. गाठ खोदून काढायचा मोह होतो. तो आवरा, खोडाला पडलेला खड्डा बांडगुळापेक्षा महाग पडतो.

सगळे नीट केले, तरी नवी रोपे येतात

मग आपले झाड सोडा आणि शंभर पावले चौफेर फिरा. शेजारच्या भाटात, वाटेच्या कडेला, डोंगराच्या उतारावर फळांनी लगडलेले बांडगूळ उभे असेल. फुलटोच्याला भाटाची हद्द कळत नाही. साखळी शहराजवळ एका वहिनींच्या चिकूवर दर वर्षी चार-पाच नवी रोपे निघायची. चिकूत खोट नव्हती; कुंपणापलीकडच्या पडीक घराच्या पेरूवर दोन म्हातारे झुपके होते. घरवाले मुंबईला. वहिनींनी फोन लावला, ते म्हणाले, "काढा की, आम्हाला तरी कुठे दिसते?" दोन झुपके उतरले, चिकूवर पुढच्या वर्षी एकच रोप निघाले. भांडणाआधी फोन करावा, एवढेच. सरकारी जंगलातले झाड मात्र आपण होऊन कापू नका, ते काम वन खात्याचे.

त्यानंतर तीन हंगाम, दर दिवाळीच्या सुमारास, एक फेरी. मागे राहिलेली मुळी एवढ्या काळात तोंड दाखवतेच.

भाजीवरची अमरवेल

अमरवेल म्हणून आपण दोन वेली ओळखतो. मिरची, मूग, अळसांदे (चवळी) यांच्यावर येते ती पिवळी, नाजूक. तिचे कूळ रताळ्याचे. समुद्राकाठच्या कुंपणांवर आणि काजूवर पसरते ती हिरवट, चिवट, वाटाण्याएवढी गोल फळे धरणारी. तिचे कूळ चक्क दालचिनीचे. पिवळीशी लढाई बियांची, हिरवटीशी छाटणीची. चिवट वेल चढलेल्या फांद्या वेलीसकट कापाव्या लागतात आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा बघावे लागते.

पिवळीबाबत आधी बुडखा शोधा. सापडणार नाही. बी मातीत रुजते, कोंब आठवडाभरात एखाद्या रोपाला विळखा घालतो आणि मग त्याचे स्वतःचे मूळ वाळून जाते. म्हणून खुरपून उपयोग नाही. वेल मातीत नसतेच, मिरचीत असते. विळखा घातलेली मिरचीची रोपेही वेलीसकट उपटा, आणि भोवतालची वीतभर निरोगी दिसणारीही. जीव तुटतो, पण वेल ओढून काढली तरी तिची शोषकमुळे दांड्यात राहतात आणि तिथून पुन्हा फुटतात. उपटलेले कुंपणावर टाकू नका. आमच्या शेजारी टाकले होते, जास्वंदीवर; आठ दिवसांत जास्वंद पिवळी. काळ्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा. पांढुरक्या फुलांचे बारीक गेंद दिसायच्या आधी हे झाले पाहिजे, कारण बी एकदा मातीत गेले की दहा वर्षे आणि वरही जिवंत राहते.

पुन्हा पुन्हा येत असेल तर बियाणे आणि शेणखत तपासा. अळसांद्यासारखे मोठे बी चाळून घेता येते. तांबड्या भाजीचे (माठाचे) बी मात्र अमरवेलीच्या बियांएवढेच, चाळणीला फरक कळत नाही. ते अमरवेल नसलेल्या वाफ्यातलेच धरा. ही वेल खाल्लेल्या गुराच्या शेणातून बी जिवंत बाहेर येते, तेव्हा शेणखत पुरते कुजलेले हवे. आणि त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षे भात, नाचणी, मका घ्या. गवताच्या कुळावर तिचे सहसा चालत नाही.

टारफुला

इथे नेमके उलटे आहे, म्हणून ओळख चुकवू नका: टारफुला गवताच्या कुळावरच जगतो. ऊस, ज्वारी, मका, नाचणी. धारबांदोडा-सांगे बाजूच्या उसात आणि डोंगरउतारावरच्या नाचणीत बघायचा. जमीन जितकी हलकी आणि उपाशी, तितका त्याचा जोर.

आधी जमीन ओली आहे का बघा, मग मान टाकलेल्या उसाचे एक बेट उपटून खोडकिडा किंवा हुमणी नाही ना ते बघा. दोन्ही नाही तर फावड्याने मातीसकट खोल ढेकूळ काढा, बादलीत बुडवून ठेवा आणि माती आपोआप गळू द्या. ओढलेत तर पुरावा तुटतो. उसाच्या मुळाला पांढुरकी, ठिसूळ दुसरी मुळी चिकटलेली दिसली की ठरले.

वाईट बातमी ही की जमिनीवर दिसायच्या आधीच त्याने खायचे ते खाल्लेले असते. या वर्षीचे पीक वाचत नाही, पुढचे वाचते. फूल येण्याआधी उपटा: एका रोपाला हजारोंनी बिया येतात, धुळीसारख्या, आणि त्या मातीत वर्षानुवर्षे वाट बघतात. ज्या पिकावर जगायचे त्याच्या मुळाचा पाझर लागला की जाग्या होतात, एरवी नाही. याच खोडीचा फायदा घ्यायचा. अळसांदे आणि भुईमूग यांच्या मुळांच्या पाझरानेही हे बी जागे होते, पण त्या मुळांना चिकटता येत नाही आणि उपासाने मरते. आपल्याकडे वायंगणात, म्हणजे पावसाळी भातानंतरच्या हंगामात, अळसांदे घेतातच. टारफुल्याच्या वावरात ते जाणूनबुजून घ्या. शेणखत आणि नत्राची मात्रा भरून काढा. त्या वावरातून निघताना फावडे आणि बूट तिथेच धुवा.

कुठे थांबायचे

शिडीवरून हात पोचत नाही, फांदी मांडीपेक्षा जाड आहे, खाली घर, गोठा किंवा रस्ता आहे, यांपैकी एक जरी खरे असेल तर दोरखंड बांधून फांदी उतरवणारा सराईत माणूस बोलवा. मजुरी जास्त वाटते, कौलांचा खर्च बघितला की वाटत नाही. फांदीजवळून विजेची तार जाते तिथे आकडीसुद्धा वर करू नका. वीज खात्याला कळवा आणि प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत झाडाखालीही थांबू नका. खोड ठोकल्यावर पोकळ आवाज येतो किंवा काजूच्या बुडाशी भुसा आणि डिंक पडला आहे, तर अशा झाडावर चढायचे नाही. निम्म्याहून जास्त पसारा बांडगुळाने व्यापला असेल तर झाड ठेवायचे की नाही, हा प्रश्न कृषी अधिकाऱ्याला विचारा. उभे झाड तोडायचे ठरले तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड आपल्याच परसातले असले तरी.

आणि औषधे. खोडाला भोक पाडून मोरचूद आणि तणनाशक भरायचे, झुपक्यावर पाने गाळणारे औषध फवारायचे, उसात तणनाशक मारायचे, असे प्रकार आहेत आणि जाणकाराच्या हाती ते लागूही पडतात. ऐकीव मात्रेवर मी करत नाही, तुम्हीही करू नका. भोकातले औषध बांडगुळाइतकेच आंब्यालाही लागते, आणि उसावरचे तणनाशक वाऱ्याने शेजारच्या अळसांद्यावर गेले तर पाने वाकडी व्हायला दोन दिवस पुरतात. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जा, नाहीतर जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात.

जाताना नुसता फोटो नेऊ नका. बांडगुळाची गाठ फांदीच्या तुकड्यासकट, अमरवेल मिरचीच्या दांड्यासकट, टारफुला उसाच्या मुळासकट, ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी न्या. टारफुल्याला बोंडे धरली असतील तर वरून प्लास्टिकची पिशवी बांधा, नाहीतर वाटेत गाडीभर बी सांडेल.